म्हस वाचली

सासऱ्याला दुसऱ्यांदा नापास करायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा भूपालअण्णा खुर्चीत डोळे गच्च मिटून बसले होते आणि पडद्यावर त्यांचाच फोटो झळकत होता.

"अण्णा, डोळे उघडा की. मिटलेल्या डोळ्यांचं हे यंत्र काही धरत नाही."

"गेला काय त्यो फोटो?"

"गेला."

"मग उगडतो." त्यांनी डोळे उघडले, टोपी नीट केली आणि पडद्याभोवतीची लाल चौकट पाहून विचारलं, "पुन्यांदा परकाच काय वो पाव्हणं?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार? करंजवळणात जन्मलेला, इथल्या तालमीत घुमलेला, इथल्या नदीत पोहायला शिकलेला हा माणूस सरकारदरबारी परका ठरत होता. आणि मी, अभिनंदन चौगुले, मिरजेहून आलेला जावई, पहिल्याच फटक्यात पास होऊन केंद्रचालकाच्या खुर्चीत बसलो होतो. आता त्यांना एकच संधी उरली होती. तिसऱ्यांदा लाल चौकट आली की माणूस कायमचा 'बाहेरील'. बाहेरील म्हणजे ना मत, ना वॉर्डसभेत बोलायचा हक्क, ना टेकावरच्या पूरग्रस्त वसाहतीत राहायचा. आमचं घर त्याच वसाहतीत होतं.

हे सगळं कशामुळे आलं, ते सांगायला हवं. कागद मेला, हे त्याचं मूळ. यंत्रं इतकी शहाणी झाली की माणसाचा जन्मदाखला, चेहरा, आवाज, बोटांचे ठसे, जे मागाल ते घरबसल्या तयार व्हायला लागलं. आमच्याच वॉर्डात एका निवडणुकीआधी माणसांपेक्षा मतदार जास्त निघाले. त्या जास्तीच्या मतदारांकडे सगळे पुरावे होते, नव्हती ती फक्त माणसं. मग ओळखायचं कसं, की कोण खरंच या गावचा?

उत्तर सापडलं ते पुण्यातल्या डॉ. हुपरीकर नावाच्या बाईंना. त्या मेंदूवर काम करायच्या आणि त्यांना विनोदाचं वेड होतं. त्यांनी दाखवून दिलं की आपल्या गावचा विनोद समोर आला की माणसाला तो वाचून कळायच्या आधीच ओळखू येतो. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात डोळ्याची बाहुली विस्फारते आणि डोळ्याभोवतीचा एक बारीक स्नायू आकसतो. ओठ ताणून खोटं हसणं कुणालाही जमतं, पण तो स्नायू सांगून हलत नाही. परगावच्या माणसाला विनोद समजावून सांगितला तर तो हसेल, पण उशिरा. आणि खोट्या माणसाला तर चेहराच नाही. शिवाय गावचे विनोद दर आठवड्याला बदलतात, त्यामुळे पाठांतर करून फसवायची सोय नाही.

तिथून 'हशा-ओळख' आली. खुर्चीत बसायचं, समोर गावच्या ग्रुपवरची गाजलेली मीम्स आणि त्यात मिसळलेली परगावची मीम्स. चेहरा आपल्या गावच्या मीम्सवर उजळला की हिरवी चौकट, नागरिक.

लोकांना हे फार आवडलं. रांगा नाहीत, झेरॉक्स नाहीत, साहेबाची सही नाही. नुसतं हसायचं! वॉर्डसभेचे ठरावसुद्धा मीममधूनच मांडले जाऊ लागले, आणि ज्यावर हशा जास्त तो मंजूर. पण हळूहळू हसण्यात धाक शिरला. नव्या नवरीला तिच्या नणंदा आधी 'करंजवळण कट्टा' हा ग्रुप शिकवायच्या. बाहेरगावी शिकायला गेलेली पोरं अभ्यास बुडवून रोज कट्टा चाळायची, कारण आठवडाभर चाळला नाही तर आपण परके होऊ. मयताला आलेली माणसं स्मशानात मोबाइल बघत उभी राहायची. मला त्यांचा राग यायचा, आणि मीही बघत असायचो.

कट्ट्यावरचं सगळ्यात गाजलेलं मीम अण्णांचं.

महापुराच्या दिवशी अण्णा दुसऱ्या नावेतून काठाला लागले, हातात कपिलीचं दावं आणि मागे पाण्यात पोहत येणारी कपिली, त्यांची म्हैस. तोंड वासलेलं, टोपी गेलेली, डोळ्यांतून धारा. काठावरच्या कुणा पोराने विचारलं, "अण्णा, बरं हाय न्हवं सगळं?" आणि अण्णा हुंदक्यातून ओरडले, "म्हस वाचली!" कुणीतरी फोटो काढला. कोल्हापूरकडच्या माणसाचा म्हशीवर किती जीव, यावर दुपारपर्यंत अख्खा जिल्हा हसत होता.

माझ्या सासूबाई, त्रिशलाबाई, दुसऱ्या दिवशी पाण्यात सापडल्या. त्या पहिल्या नावेत बसल्या होत्या, पण नाव सुटायच्या आधी कशासाठी तरी खाली उतरल्या. कशासाठी, ते कुणालाच सांगता आलं नाही. ही बातमी गावात पोचेपर्यंत विनोद चार जिल्हे फिरून आला होता. तेव्हा लोक वरमले. महिनाभर कुणी तो फोटो टाकला नाही. मग दहावीच्या फेरपरीक्षेच्या निकालाच्या दिवशी एका पोराने टाकला: काठावर पास, "म्हस वाचली". झालं. पुढे कुस्ती चितपट होता होता वाचली की म्हस वाचली, लाइट गेलेली आली की म्हस वाचली. तालीम मंडळाने टी-शर्ट काढले. गावच्या कमानीवर फ्लेक्स लागला. सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि तरी हसायचे. वाईट माणसं होती अशातला भाग नाही. तेच लोक अण्णांना रस्त्यात राम राम घालायचे. फोटोतला तो आणि रस्त्यातला हा, असे दोन वेगळे गडी झाले होते एवढंच.

यंत्राच्या हिशेबाने हे मीम सगळ्यात अस्सल, म्हणून त्याला वजन सगळ्यात जास्त. त्याच्यावर चेहरा हलला नाही तर बाकी कितीही हसा, चौकट लालच.

*

तिसऱ्या चाचणीआधी घरात सराव सुरू झाला. कल्पना माझीच. आम्ही जैन, आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवण उरकतं, मग अंगणात उजेड असेतो मी मोबाइल घेऊन अण्णांसमोर बसायचो.

"हे बघा, नगराध्यक्षांच्या कुत्र्याच्या वाढदिवसाचं. ह्याला हसला होता तुम्ही मागं."

"आता न्हाई येत हसू," अण्णा म्हणायचे. "कुणी हस म्हटल्यावर कसं हसायचं?"

"आणि आता हे." मी तो फोटो काढायचो. अण्णा लगेच मान फिरवून गोठ्याकडे बघायचे. एकदाही त्यांनी त्याच्याकडे नजर टाकली नाही. पुरानंतर कधीच टाकली नव्हती.

माझी बायको पद्मजा, शाळेत शिकवते, ती एका संध्याकाळी दारातून म्हणाली, "पुरे कर. माणूस आहे तो, पोपट नाही."

"मग काय करू? वसाहतीतून बाहेर काढतील त्यांना. कुठं ठेवायचं?"

"माझ्या बापाला त्याच्याच रडण्यावर हसायला शिकवतोयस तू. लाज वाटत नाही?"

मला राग आला. माझ्या नोकरीचा, यंत्राचा, अण्णांच्या मिटल्या डोळ्यांचा सगळा राग एकदम तोंडात आला. आणि कित्येक महिने पोटात ठेवलेली गोष्ट मी बोलून गेलो.

"लाज कुणी बाळगायची? तुझी चाचणी मीच घेतलीय. ह्याच फोटोवर अख्ख्या वॉर्डात सगळ्यात जास्त गुण तुझे आहेत. सगळ्यात जास्त हसलीस तू."

पद्मजाचा चेहरा उतरला. ती माझ्याकडे बघत राहिली. अण्णा उठले. भिंतीला धरत गोठ्यात गेले आणि कपिलीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. पद्मजा त्यांच्या मागे गेली तर म्हणाले, "जा तू घरात."

त्या दिवसापासून अण्णा लेकीशी बोलेनासे झाले. तिने वाढलेलं जेवायचे, पण तिच्याकडे बघायचे नाहीत. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. मी जे केलं ते केलं. जीभ घसरली तेव्हा आवरायला हवी होती, हे मला पुढे रोज जेवताना कळत होतं.

*

ओळख-नूतनीकरणाचा दिवस उजाडला, अण्णांची तिसरी चाचणीही त्याच दिवशी होती. वॉर्डाची निवडणूक तोंडावर होती, आणि आमच्या वॉर्डातल्या सगळ्यांनी त्या एका दिवसात समाजमंदिराच्या हॉलमध्ये येऊन पुन्हा हिरवी चौकट घ्यायची होती. लाल आली तर यंदा मत नाही. जिल्ह्याहून देखरेखीला साळवी बाई आल्या होत्या, स्वच्छ बोलणाऱ्या, घड्याळ बघणाऱ्या. आतल्या खोलीत यंत्र, मी आणि त्या. बाहेर हॉलमध्ये खुर्च्या. अण्णांचा नंबर अगदी सुरुवातीला होता. पद्मजा बरीच मागे बसली होती.

मी अण्णांचं नाव पुकारलं. बाहेरून आवाज आला, "तुमी व्हा फुडं रावसाहेब, मला काय घाई हाय?"

आमच्याकडची ही जुनी रीत. म्हातारा माणूस रांगेत असला की दुसऱ्याला पुढे करतो. रावसाहेब तालमीचे वस्ताद, ते आत आले. मघाशी बाहेर अण्णांशेजारीच बसले होते. खुर्चीत बसले, दोन मीम्सवर खळखळून हसले. मग तो फोटो आला आणि त्यांचा चेहरा जागच्या जागी थांबला. चौकट लाल.

"आं? कसं काय?" वस्ताद म्हणाले. "दरसाली पास हाय मी."

पुढची बाई आली, लाल. तिच्या मागचा आला, लाल. मग एक हिरवी आली, ती उशिरा येऊन थेट आत घुसलेल्या एका पोराची. त्याने बाहेर कुणाकडे बघितलंच नव्हतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

दारातून मला हॉल दिसत होता. दाराशेजारच्याच खुर्चीत अण्णा बसलेले, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला हात करून म्हणत होते, "या, या. तुमी व्हा फुडं." प्रत्येक जण त्यांना राम राम घालून, त्यांचा सुरकुतलेला हसरा चेहरा बघून आत येत होता. आणि चार पावलांवर पडद्यावर तोच माणूस तोंड वासून रडत होता. दोन वेगळे गडी होते तोवर हसू येत होतं. आता ते एकच झाले होते. हसायच्या आधीच गळा दाटत होता, आणि यंत्राला दाटलेला गळा ओळखता येत नाही. त्याच्या लेखी हसला नाही तो परका.

साळवी बाईंच्याही ते ध्यानात आलं. त्या हुशार होत्या. "चौगुले, हे काय चाललंय? अर्धा वॉर्ड लाल येतोय. वर काय कळवू मी? त्या गृहस्थांना तिथून उठवा."

"ते माझे सासरे आहेत, मॅडम."

"मग तर सोपं आहे. घरी जायला सांगा."

"त्यांचा नंबर आहे. आज गैरहजर राहिले तर तिसरी संधी गेली. कायमची."

"एका माणसापायी सगळा वॉर्ड?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचं चूक होतं असं मला म्हणता येईना. "उठवा, नाहीतर मी उठवते."

मी बाहेर आलो. हॉलमध्ये एव्हाना कुजबुज पेटली होती. आपण का नापास होतोय ते सगळ्यांना उमगलं होतं. वस्ताद उभे राहून ओरडत होते, "अण्णा, आवं जावा की घरला! तुमच्यापायी गाव परकं व्हायलंय. आमची मतं गेली तर कोण निवडून येईल, काय ठावं हाय काय?"

"जातो की," अण्णा म्हणाले. खरंच उठायला लागले. "मला काय म्हाईत, माझ्यामुळं हसू येईना म्हणून. सांगायचं न्हाई व्हय आदी?"

मला उठवायला सांगितलं होतं आणि तो माणूस आपणहून उठत होता. मी एक शब्द बोललो नसतो तर काम झालं असतं. साळवी बाई दारात उभ्या होत्या.

"अण्णा, खाली बसा," मी म्हणालो. "तुमचा नंबर आहे. आत्ता आत चला."

"कशाला? डोळं मिटणार मी, तुमास्नी ठावं हाय. त्यापरीस ह्यांचं तर हूंदे."

तेवढ्यात पद्मजा मागच्या रांगेतून पुढे आली. ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. अण्णांनी तोंड फिरवलं.

"अण्णा, एकदा त्यो फोटो बघा. माझ्यासाठी बघा."

"तू हसतीस न्हवं बगून? मग तूच बग."

"हसते. खरंच हसते. का हसते ते इचारा की." तिचा आवाज फाटला. "तुमी काठाला लागला तवा आई पहिल्या नावंतनं फुडं गेलीया, असंच तुमास्नी वाटत हुतं. कपिली तेवढी राहिली हुती, ती पन आली. सगळं वाचलं म्हणून रडत हुता तुमी. अण्णा, त्या फोटोत आई जिवंत हाय. तुमच्या तोंडावर दिसतंय. आईचे एवढे फोटो हायत घरात, पन ती जिवंत असल्यागत कुठल्यातच वाटत न्हाई. मी रोज बघते त्यो. ह्यांच्या यंत्राला माझं हसू दिसलं, कशाचं हसू ते न्हाई दिसलं."

मी तिच्याकडे बघत राहिलो. कित्येक महिने मी या बाईच्या शेजारी झोपून तिला मनातल्या मनात दगडाच्या काळजाची म्हणत होतो. एकदा विचारायला काय झालं होतं मला?

अण्णांनी तोंड तिच्याकडे वळवलं. मग पद्मजाच्या खांद्यावर हात टेकून उठले आणि आतल्या खोलीत गेले. मी धावतच त्यांच्या मागे. साळवी बाई काहीतरी म्हणाल्या, मी ऐकलं नाही. यंत्र सुरू केलं.

नगराध्यक्षांचं कुत्रं आलं, गेलं. परगावचं कसलं तरी आलं, गेलं. अण्णा खुर्चीचे हात धरून ताठ बसले होते. मग तो फोटो आला.

त्यांनी डोळे मिटले नाहीत. पुढे वाकले. आणि त्यांच्या डोळ्यांभोवतीच्या सगळ्या सुरकुत्या एकदम आत ओढल्या गेल्या, कुणी सांगून ओढता येत नाहीत तशा. ओठ थरथरत होते, पण ते हसू होतं. "आयला," ते हळूच म्हणाले, "किती खुशीत हाय वो मी."

पुढचं चित्र आलं.

"मागं घ्या, पाव्हणं. जरा ठेवा की तसंच."

"यंत्राला मागे जाता येत नाही, अण्णा."

पाठोपाठ उरलेली चित्रं झरझर येऊन गेली. त्यांनी ती पाहिलीही नसतील. चौकट हिरवी झाली. गेल्या तासाभरात घुसखोर पोरगं सोडलं तर ही एकच हिरवी.

"झालं!" साळवी बाई म्हणाल्या. सुटकेचा श्वास सोडला त्यांनी. "अभिनंदन, आजोबा, तुम्ही नागरिक. आता कृपा करून घरी जा, म्हणजे बाकीच्यांचं मार्गी लागेल."

अण्णांनी चौकटीकडे पाहिलं. "आन् भायेर बसल्यात ती?"

"नापास झालेत बरेच," मी म्हणालो.

"वस्ताद?"

"तेही."

"मग समदी भायेरची, आन् मी येकटा आतला?" ते माझ्याकडे असे बघत होते, जणू हिशेबात माझीच काही चूक झाली असावी. "मग मी ऱ्हायचं कुणाच्यात?"

साळवी बाई टॅबवर काहीतरी लिहीत होत्या. अण्णा सावकाश उठले, दारात जाऊन उभे राहिले आणि हॉलमधल्या सगळ्यांना म्हणाले, "मी चाललो बाबांनो घरला. म्हशीची धार काढायची हाय. आता तुमास्नी येईल हसू. बसा सावकाश येकेक."

पद्मजाने त्यांचा हात धरला. तिचा नंबर अजून यायचा होता, हे मी तिला खुणेने सांगितलं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि ती बापाबरोबर निघून गेली.

साळवी बाईंनी नापास झालेल्यांना त्याच दिवशी दुसरी संधी द्यायचं ठरवलं. तसा त्यांना अधिकार होता. पहिलं नाव रावसाहेबांचं. मघाशी ओरडणारे वस्ताद मान खाली घालून आत आले आणि त्या खुर्चीत बसले. कुत्र्याच्या मीमवर हसले. मग फोटो आला. ते बघत राहिले. हनुवटी हलायला लागली, त्यांनी टोपी काढून डोळ्यांना लावली. चौकट लाल झाली.

"आता तर गेले ना ते?" साळवी बाई वैतागून म्हणाल्या. "आता काय झालं?"

टोपी तशीच हातात घेऊन वस्ताद बाहेर गेले.

"पुढचा," साळवी बाई म्हणाल्या, आणि मी पुढचं नाव पुकारलं.